खिशातील टपालघर

गेल्या दिवाळीत डोंबिवलीला मामांकडे गेले होते. कपाट आवरताना जुने चष्मे, किल्ल्या आणि बंद पडलेली घड्याळे ठेवलेल्या खणात एक काळे यंत्र हाती लागले. तळहाताएवढे, अंमळ जाडसर. वर छोटा पडदा, खाली दाण्यांसारख्या बारीक कळांच्या रांगा आणि उजव्या कडेला अंगठ्याने फिरवायचे एक चाक. "हा माझा ब्लॅकबेरी," मामा म्हणाले. त्यांनी तो हातात घेतला आणि त्यांचा अंगठा आपोआप त्या चाकावर जाऊन बसला. यंत्र केव्हाच बंद पडलेले. पण अंगठ्याची सवय काही गेलेली नव्हती.

कला शाखेच्या महाविद्यालयाच्या अंकात यंत्रावरचा लेख कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर असे की, हे यंत्र मुळात पत्रांसाठी जन्मले. बोलण्याची सोय त्यात मागाहून आली. पत्र कसे लिहावे, ते कोणी वाचावे, ते केव्हा पोचावे आणि उत्तर केव्हा द्यावे, या जुन्याच प्रश्नांना या यंत्राने नवी उत्तरे दिली. आज आपल्या प्रत्येकाच्या हातातील फोन त्याच उत्तरांवर चालतो. म्हणून ती उत्तरे नीट समजून घ्यावीत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

आधीची स्थिती

खिशात मावणाऱ्या यंत्रावर ई-मेल वाचता यावा, ही कल्पना ब्लॅकबेरीची नव्हे. अमेरिकेत १९९४ साली आयबीएम कंपनीचे 'सायमन' नावाचे यंत्र विक्रीस आले. त्यात फोन, फॅक्स, पेजर आणि ई-मेल अशा सर्व सोयी एकत्र होत्या. १९९६ साली फिनलंडच्या नोकिया कंपनीने '९००० कम्युनिकेटर' काढला. चष्म्याच्या घराप्रमाणे तो मधून उघडे. आत पूर्ण कळफलक आणि लांबट पडदा असे. वजन मात्र जवळजवळ ४०० ग्रॅम! आपल्या देशात पहिला भ्रमणध्वनी संवाद ३१ जुलै १९९५ रोजी झाला आणि त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, हे लक्षात घेतले म्हणजे त्या काळाची कल्पना येते.

परंतु या यंत्रांत एक मोठी अडचण होती. पत्र आले आहे की नाही हे कळण्यासाठी आपण स्वतः फोन लावून जोडणी करायची, टपाल उतरवून घ्यायचे आणि जोडणी तोडायची. जोडणी चालू असेपर्यंत पैसे पडत. म्हणजे पोस्टमन घरी येणार नाही; आपणच दर तासाने पोस्टात जाऊन "माझे काही आहे का?" असे विचारायचे, आणि बहुतेक वेळा "नाही" ऐकून परतायचे. असे किती वेळा कोण करील?

पेजरचे काम याच्या उलट होते. संदेश आला की तो आपोआप वाजे. मात्र साधा पेजर उत्तर देऊ शकत नसे. संदेश वाचून माणूस नाण्याचा फोन शोधत फिरे. पेजरची तत्परता आणि पत्राची दुतर्फा सोय या दोहोंचा संगम घडवणे, हाच खरा प्रश्न होता.

वॉटर्लूचे उत्तर

कॅनडाच्या ऑन्टॅरियो प्रांतात वॉटर्लू नावाचे विद्यापीठाचे गाव आहे. तेथे १९८४ साली माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन या दोन तरुण मित्रांनी 'रिसर्च इन मोशन' ही कंपनी सुरू केली. लाझारिडिस यांचा जन्म इस्तंबूलचा, आईवडील ग्रीक. लहानपणीच ते कुटुंबासह कॅनडात आले आणि विद्यापीठातील शिक्षण अर्धवट टाकून या उद्योगात पडले. १९९२ साली जिम बाल्सिली कंपनीत आले व त्यांनी व्यवहाराची बाजू सांभाळली. मोबिटेक्स नावाचे, मुळात स्वीडनमध्ये तयार झालेले एक बिनतारी जाळे होते. त्यावर बोलता येत नसे, केवळ मजकूर पाठवता येई. या जाळ्यावर काम करता करता कंपनीने दुतर्फा पेजर बनवले आणि जानेवारी १९९९ मध्ये 'ब्लॅकबेरी' या नावाने ई-मेलची सेवा सुरू केली.

कळांचे दाणे एखाद्या फळाच्या दाण्यांसारखे दिसतात, यावरून हे नाव सुचले असे सांगतात. आपल्याकडे यंत्र जन्मले असते तर कदाचित त्याचे नाव तुती पडले असते! पहिले यंत्र, म्हणजे ८५०, दिसायला पेजरच होते. पडद्यावर मजकुराच्या जेमतेम काही ओळी मावत, आणि घड्याळात घालतो तसा एकच साधा सेल त्याला अनेक दिवस पुरे. २००२ साली त्यात फोन आला. तोही असा की बोलण्यासाठी कानात वेगळी तार घालावी लागे. ती अडचण पुढच्या नमुन्यांत दूर झाली. भारतात ही सेवा २००४ साली एअरटेलमार्फत आली. मामांच्या मुंबईच्या कंपनीने त्यांना २००६ साली जो दिला, तो ८७०० या क्रमांकाचा.

पत्राचा प्रवास

आता या व्यवस्थेच्या गाभ्याकडे वळू. मामांच्या कार्यालयात एखादे पत्र आले की ते आधी कंपनीच्या टपाल-सर्व्हरवर, त्यांच्या पेटीत पडे. तेथेच शेजारी ब्लॅकबेरीचा स्वतंत्र सर्व्हर बसवलेला असे. त्याचे काम एकच : या पेट्यांवर सतत नजर ठेवायची. नवीन पत्र दिसले की तो त्याची नक्कल करी, ती दाबून लहान करी, कुलूपबंद करी आणि साधारण दोन हजार इंग्रजी अक्षरे मावतील एवढा पहिला तुकडा बाहेर पाठवी. तो तुकडा इंटरनेटवरून रिसर्च इन मोशन कंपनीच्या मध्यवर्ती केंद्राकडे जाई. कोणते यंत्र या क्षणी कोणत्या देशात, कोणत्या फोन कंपनीच्या जाळ्यात आहे, हे त्या केंद्राला ठाऊक असे. केंद्र तो तुकडा त्या जाळ्याकडे देई आणि जाळे तो यंत्रात टाकी. यंत्र कुलूप उघडी, मजकूर फुलवी आणि वरच्या कोपऱ्यातील लाल दिवा लुकलुकू लागे.

यंत्रावरून उलट पोचपावती जाई. ती आली नाही, म्हणजे मामा कसारा घाटातील बोगद्यात असतील किंवा यंत्र बंद असेल, तर पत्र मागे थांबे आणि संपर्क होताच पुन्हा निघे. आपल्या रजिस्टर टपालाची जी पद्धत, तीच ही. मोठ्या पत्राचा पुढचा भाग वाचणारा खाली सरकेल तेव्हाच मागवला जाई. जोडपत्र असेल तर मूळ फाइल न पाठवता तिच्यातील मजकूर काढून तेवढाच पाठवत. अर्धा तास चालणारे काम काही क्षणांत होई, आणि जाळ्यावर भार पडत नसे.

हे सारे स्वस्तात कसे जमले? फोनवर बोलताना दोन माणसांमध्ये एक वाट राखून ठेवावी लागते. तुम्ही गप्प बसलात तरी ती अडलेलीच. ही झाली भाड्याने घेतलेली मोटार. मजकुराचे तुकडे मात्र एस.टी.तील प्रवाशांसारखे असतात. प्रत्येकाच्या हाती आपल्या गावाचे तिकीट. गाडीत जागा मिळेल तसे बसायचे आणि आपापल्या थांब्यावर उतरायचे. वाट राखून ठेवावी लागत नाही, म्हणून यंत्र दिवसरात्र जाळ्याशी जोडलेले राहू शकते आणि सेलही फारसा खर्च होत नाही.

दुसरी सोय वरवर क्षुल्लक, पण व्यवहारात फार मोठी. यंत्रावरून लिहिलेले उत्तर पुन्हा त्याच वाटेने कार्यालयात जाई आणि तेथून, कार्यालयाच्याच पत्त्यावरून, बाहेर पडे. पाठवलेल्या पत्रांच्या कप्प्यात त्याची नक्कलही राही. समोरच्याला वाटे, साहेब टेबलाशी बसले आहेत. प्रत्यक्षात साहेब डोंबिवली फास्टमध्ये एका पायावर उभे! तळाशी 'ब्लॅकबेरीवरून पाठवले' अशा अर्थाची ओळ आपोआप पडे, तेवढीच काय ती खूण. या ओळीचा एक लाभ मामांनी सांगितला. उत्तर त्रोटक असले, एखादे अक्षर चुकले, तरी लोक रागावत नसत. माणूस वाटेत आहे असे समजून घेत.

दोन अंगठ्यांची लिपी

आता लिहिण्याविषयी. एवढ्याशा यंत्रावर दहा बोटे चालणार नाहीत, हे उघड होते. पण यंत्र दोन्ही हातांत धरले तर अंगठे मोकळे राहतात, हे लाझारिडिस यांनी हेरले. मग कळा किंचित फुगीर व तिरप्या केल्या, म्हणजे शेजारच्या दोन कळांवर अंगठा एकदम पडू नये. बाकीची करामत कळफलकात नसून कळा दाबण्याचे श्रम वाचवण्यात होती. मोकळ्या जागेची कळ दोनदा दाबली की पूर्णविराम उमटे आणि पुढचे अक्षर आपोआप मोठे होई. एखादी कळ दाबून धरली की मोठे अक्षर. पत्त्याच्या रकान्यात मोकळी जागा असूच शकत नाही. तेव्हा तीच कळ तेथे आधी 'ॲट'चे चिन्ह देई आणि मग टिंब. नेहमी चुकणारे शब्द यंत्र स्वतः दुरुस्त करी, आणि आपण ठरवलेल्या दोन अक्षरांच्या खुणेचा विस्तार करून पूर्ण वाक्य घाली.

पत्रांच्या यादीतही तसेच. उत्तर देणे, सर्वांना उत्तर देणे, पुढे पाठवणे, नवे पत्र, पुढचे न वाचलेले पत्र : प्रत्येकाला एक एक अक्षर नेमलेले. चाक फिरवायचे, दाबायचे, झाले. मामा म्हणतात, लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या अंगठ्याने ते वीस पत्रे निकालात काढत.

मात्र ही सारी सोय इंग्रजीची. मामा आईला संदेश पाठवत ते मराठीत, पण रोमन लिपीत. आईने त्यांतले काही वहीत उतरवून ठेवले आहेत; ते वाचताना गंमतही वाटते आणि थोडे वाईटही. रोमन लिपीत 'ळ' नाही, 'ण' नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. 'काल', 'कल' आणि 'कळ' एकाच वेषात येतात. एकदा "आजोबांना कळ आली" हा संदेश आईने "आजोबांना काल आली" असा वाचला, आणि काय आली हे विचारण्यासाठी फोन केला. दुखणे साधे होते म्हणून आज हसता येते. यंत्र ज्यांनी घडवले त्यांच्यापुढे आपली भाषा नव्हती; तिला अंगठ्याखाली जागा मिळायला पुढे काही वर्षे जावी लागली.

दोन अक्षरांची पोचपावती

प्रत्येक ब्लॅकबेरीला कारखान्यातच आठ अंकाक्षरांचा एक क्रमांक मिळे. त्याला पिन म्हणत. हा क्रमांक ठाऊक असला की कार्यालयाच्या सर्व्हरला वळसा घालून थेट यंत्रातून यंत्रात संदेश पाठवता येई. २००५ साली याच पायावर 'ब्लॅकबेरी मेसेंजर', म्हणजे बीबीएम, उभे राहिले. त्यात पाठवलेल्या संदेशापुढे आधी 'डी' हे अक्षर उमटे, म्हणजे पोचले. आणि समोरच्याने उघडले की 'आर', म्हणजे वाचले. प्रत्येक संदेशाला वेगळे पैसे पडत नसल्याने कंपन्यांच्या साहेबांसाठी काढलेले यंत्र अनेक देशांत महाविद्यालयीन तरुणांच्या हाती गेले.

'पोचले' ही खूण टपालखात्याला नवी नाही. 'वाचले' ही मात्र नवी होती. पोस्टमन पत्र देऊन जातो. आपण ते केव्हा फोडले हे तो लिहिणाऱ्याला जाऊन सांगत नाही. वाचूनही दोन दिवस गप्प बसण्याची, विचार करण्याची, राग गिळण्याची जी मुभा पत्राने माणसाला दिली होती, ती या एका अक्षराने काढून घेतली. आज व्हॉट्सॲपवर दोन निळ्या खुणा दिसूनही उत्तर येत नाही म्हणून मैत्रिणी-मैत्रिणींत जे रुसवेफुगवे होतात, त्यांचे मूळ या 'आर' मध्ये आहे.

कुलूप आणि किल्ली

या व्यवस्थेची सर्वांत मोठी प्रतिष्ठा होती ती गुप्ततेची. प्रत्येक यंत्राची स्वतंत्र किल्ली असे. सुरुवातीच्या काळात ती बनवण्याची रीत मोठी मजेदार होती. यंत्र संगणकाला जोडायचे आणि संगणकाचा माउस काही क्षण वेडावाकडा फिरवायचा. माणसाच्या हाताच्या त्या अनियमित हालचालींतून, कोणालाही अंदाज बांधता येणार नाही अशी संख्या तयार होई. ती दोनच ठिकाणी राही : यंत्रात आणि कंपनीच्या सर्व्हरवर. मधल्या साऱ्या प्रवासात पत्र कुलपात असे. ते वाहून नेणाऱ्या मध्यवर्ती केंद्रालाही ते वाचता येत नसे. शिवाय कंपनीचा सर्व्हर स्वतः आतून बाहेर जोडणी करी. बाहेरच्याला आत येण्यासाठी दार उघडे ठेवावे लागत नसे. जुन्या वाड्याची दिंडी जशी आतूनच उघडते, तसे.

यंत्र हरवले तर कंपनी दुरून आज्ञा देऊन त्यातील सारे पुसून टाकू शके. संकेतशब्द दहा वेळा चुकला तर यंत्र स्वतःच सर्व पुसून टाकी. मात्र काही वेळा चुकल्यावर ते मध्येच थांबून 'ब्लॅकबेरी' हा शब्द अक्षरशः लिहायला लावी. खिशात दबलेल्या कळांनी किंवा कळा बडवणाऱ्या लहान मुलांनी अनर्थ करू नये, म्हणून ही युक्ती. मामा म्हणतात, ती खास माझ्यासारख्या भाच्यांसाठीच केलेली होती!

पण कुलूप पक्के असले की किल्ली कोणाकडे असावी, हा प्रश्न येतोच. भारत सरकारने २००८ पासून हा प्रश्न लावून धरला. सुरक्षा यंत्रणांना गरज पडल्यास हे संदेश पाहता आले पाहिजेत, अशी मागणी होती. २०१० साली तर ३१ ऑगस्टची मुदत घालून सेवा बंद करण्याचा इशारा देण्यात आला. कंपनीचे म्हणणे असे की, कार्यालयीन पत्रांची किल्ली ग्राहक-कंपन्यांकडे असते. सर्व कुलपे उघडणारी किल्ली आमच्याजवळ नाहीच, मग देऊ काय? बीबीएम आणि सामान्य ग्राहकांची सेवा यांची गोष्ट वेगळी होती. तेथील कुलूप इतके पक्के नव्हते. मुदती वाढत गेल्या, वाटाघाटी होत राहिल्या आणि अखेर या दुसऱ्या प्रकारच्या संदेशांबाबत कंपनीने कायदेशीर पाहणीची सोय करून दिली. सरकारची चिंता खोटी नव्हती आणि पत्र लिहिणाऱ्याची अपेक्षाही खोटी नव्हती. आपल्या राज्यशास्त्राच्या वर्गात 'व्यक्तीचे स्वातंत्र्य आणि राज्याची सुरक्षितता' हा प्रश्न दरवर्षी येतो; त्याचे उत्तर लिहिताना या कुलपाचा दाखला देण्यास हरकत नाही.

लाल दिवा

आता शेवटच्या मुद्द्याकडे येते. या यंत्राचे खरे सामर्थ्य ११ सप्टेंबर २००१ रोजी जगाला दिसले. न्यूयॉर्कमधील हल्ल्यानंतर दूरध्वनी व भ्रमणध्वनीच्या वाटा तुंबल्या, तेव्हा मजकुराचे छोटे तुकडे वाहून नेणारे हे जाळे चालू राहिले. अनेकांनी आपण सुखरूप असल्याचे घरी कळवले ते ब्लॅकबेरीवरून. त्यानंतर अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने आपल्या सदस्यांना ही यंत्रे दिली.

हीच तत्परता घराघरांत शिरली तेव्हा तिचे दुसरे रूप दिसू लागले. लोकांनी या यंत्राला एका मादक पदार्थाच्या नावाशी जोडून 'क्रॅकबेरी' म्हणायला सुरुवात केली, आणि २००६ साली वेब्स्टर्स न्यू वर्ल्ड या शब्दकोशाने तो वर्षाचा शब्द म्हणून निवडला. कारण साधे आहे. पोस्टमनची वेळ ठरलेली असते. या पोस्टमनला वेळ नव्हती. दिवा केव्हाही लुकलुके. पत्र महत्त्वाचे आहे की नाही, हे उघडून पाहिल्याशिवाय कळत नसे, म्हणून प्रत्येक वेळी पाहावेच लागे.

२००८ साली आजोबा आजारी पडले. साताऱ्याच्या एका दवाखान्यात ते अकरा दिवस होते. मामांना एवढी रजा मिळण्यासारखी नव्हती. पण हे यंत्र कमरेला असल्यामुळे साहेबांनी "तिकडूनच काम पाहा" म्हणून परवानगी दिली. अकराही दिवस मामा आजोबांच्या उशाशी होते. हे या यंत्राचे उपकार ते आजही मानतात. पण आई सांगते, एका संध्याकाळी आजोबा त्यांना लहानपणीची, कृष्णेच्या पुराची काही हकीकत सांगत होते. मध्येच दिवा लुकलुकला. मामांनी "हं, हं" करत उत्तर लिहिले. मान वर केली तेव्हा आजोबा भिंतीकडे तोंड करून झोपले होते. पुढे ते बोलण्याच्या स्थितीत राहिले नाहीत. ती हकीकत काय होती, ते आमच्या घरात कोणालाच ठाऊक नाही. पत्र कशाबद्दल होते, हे मामांनाही आठवत नाही.

यात यंत्राचा दोष किती आणि माणसाचा किती, याचा निवाडा करण्याचा अधिकार मला नाही. दोष म्हणावा तर त्या गृहीतकाचा : पत्र पोचले म्हणजे उत्तर आलेच पाहिजे. तंत्राने पत्र पोचण्याची वेळ शून्यावर आणली. उत्तराची वेळही शून्यच असली पाहिजे, हे कोणीही न बोलता ठरून गेले. ही चिंता आता कायदेमंडळांपर्यंत पोचली आहे. कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा कामगाराचा हक्क फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कायद्याने मानला गेला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ साली लोकसभेत याच आशयाचे खाजगी विधेयक मांडले होते. त्याचा कायदा झाला नाही. पण प्रश्न मांडला गेला.

याउलट एक आठवण मामी सांगतात. ऑक्टोबर २०११ मध्ये मध्यवर्ती यंत्रणेत बिघाड होऊन ब्लॅकबेरीची सेवा युरोप, आफ्रिका, पश्चिम आशिया आणि भारतात कोलमडली, व पुढे अमेरिकेतही. सारे सुरळीत व्हायला तीन-चार दिवस लागले. सगळी पत्रे एकाच केंद्रातून नेण्याच्या रचनेतला धोका तेव्हा उघड झाला. त्यातला एक दिवस कोजागरीचा होता. सोसायटीच्या गच्चीवर दूध आटवले होते. मामा खाली जाऊन यंत्र पाहून येत, पुन्हा जात. तिसऱ्या खेपेला त्यांनी ते खालीच ठेवले आणि रात्री एकपर्यंत गच्चीवर गाण्यांच्या भेंड्या खेळत बसले. लग्नानंतर त्यांना गाताना आपण प्रथमच ऐकले, असे मामी म्हणतात.

समारोप

२००७ साली ॲपलचा आयफोन आला, पाठोपाठ अँड्रॉइडचे फोन आले. कळांची जागा काचेने घेतली. ब्लॅकबेरीचे ग्राहक एके काळी जगभरात सुमारे ८ कोटींच्या घरात होते, ते भराभर ओसरले. २०१३ साली कंपनीने ब्लॅकबेरी हेच नाव धारण केले, २०१६ साली स्वतः फोन बनवणे थांबवले, ३१ मे २०१९ रोजी सर्वसामान्यांसाठीचे बीबीएम बंद झाले आणि ४ जानेवारी २०२२ रोजी जुन्या यंत्रांची सेवाही संपली.

यंत्र गेले, पण त्याने लावलेल्या रीती आपल्या हातात राहिल्या. आपोआप येणारे पत्र, पोचल्याची व वाचल्याची खूण, अंगठ्यांनी लिहिणे, चुकलेला शब्द परस्पर सुधारणे, हरवलेला फोन दुरून पुसणे : यांतले काहीही आज आपल्याला नवे वाटत नाही. त्या लाल दिव्याची जागा आता निरनिराळ्या रंगांच्या ठिपक्यांनी घेतली आहे, एवढाच फरक.

मित्रमैत्रिणींनो, परीक्षेच्या आदल्या रात्री अकरा वाजता आपण सरांना वा बाईंना "सर, तिसऱ्या प्रकरणातले काय काय येईल?" असा संदेश पाठवतो आणि दोन खुणा निळ्या होऊनही उत्तर आले नाही म्हणून नाराज होतो. तेव्हा पलीकडे कोणीतरी कोणाच्या उशाशी बसलेले असेल, एखादी हकीकत ऐकत असेल, हे क्षणभर आठवावे. संदेश सकाळीही पाठवता येतो.

मामांनी ते यंत्र पुन्हा त्याच खणात ठेवून दिले. टाकून का देत नाही, असे विचारले तर म्हणाले, "आजोबांच्या शेवटच्या दिवसांतले आईचे सगळे निरोप यातच आहेत." यंत्र सुरू होत नाही, संकेतशब्द मामांना अजून पाठ आहे.